उघड्यावरचे निरोप

"माफ करा... पण तुम्ही आत्ता जे लिहिलंत, ते मी वाचलं."

एम्नानं चमकून वर पाहिलं. झार्झिस गावच्या बंदराजवळच्या त्या कॅफेत दुपारी मोजकीच माणसं असत. समोरच्या तरुणाच्या खांद्यावर वायरचं वेटोळं होतं आणि चेहरा पार उतरलेला होता.

"माझ्या पाठीमागून डोकावत होतात?"

"नाही हो... मी त्या टोकाला, कॅफेचं वायफाय दुरुस्त करत होतो. तुमचे शब्द माझ्या स्क्रीनवरून गेले. सगळेच्या सगळे." तो अडखळला. "गप्प बसलो असतो तर तुम्हाला कळलंही नसतं. पण मनाला पटेना."

एम्नाच्या गालांवर राग चढला – आणि तसाच उतरला. तिला खाल्ती मब्रूका, साऱ्या गावाची मावशी, आठवली.

एम्ना आणि तिच्या दोन मैत्रिणी एक वेबसाइट चालवत होत्या, पदरमोड करून, जमेल तशी. जी इटलीला जायला होडीत बसली आणि मग ज्यांचा पत्ताच लागला नाही, अशा मुलांचे फोटो त्यावर होते. अंगावरच्या खुणा त्यांच्या आया लिहून पाठवत. त्या फक्त या तिघींनाच दिसतात, असं सगळ्यांना वाटत होतं. पण गेल्या आठवड्यात खाल्ती मब्रूकाला कुणाचा तरी फोन आला – तुझा मुलगा जिवंत आहे, स्फाक्सच्या बंदरावर ये. फोनवरच्या माणसाला मुलाच्या खांद्यावरचा डागही ठाऊक होता. म्हातारी दिवसभर बंदरावर बसून राहिली. कुणीही आलं नाही.

त्या डागाबद्दल म्हातारीनं याच कॅफेत बसून वेबसाइटवर लिहिलं होतं.

"म्हणजे तेव्हाही असंच कुणीतरी इथे बसून..." एम्नानं कॅफेतली सगळी टेबलं न्याहाळली.

"तुमची वेबसाइट निरोप कानात सांगत नाही," तो हळूच म्हणाला. "भर बाजारात ओरडून सांगते. पण कुलूप घालता येतं. मी घालून देईन. माझं नाव लासाद."

"आणि मोबदला?"

"बदाम घातलेला चहा. आणि मघाचा राग थोडा कमी झाला तर..."

"चहा मिळेल," एम्ना म्हणाली. "रागाचं बघू."

मग तो रोज दुपारी येऊ लागला. खारा वारा कॅफेचा पडदा फडफडवत राही, लासाद मान खाली घालून काम करी, आणि एम्ना त्याच्या ग्लासातले तळाशी बसलेले बदाम चमच्यानं काढून देई. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. खाल्ती मब्रूकाला मात्र कळलं. एकदा डोकावून ती म्हणाली, "काय रे पोरा, एका कुलपाला इतके दिवस? का किल्ली दुसरीकडेच शोधतोयस?"

लासादचे कान लाल झाले. एम्ना उगाचच खिडकीबाहेर बघत राहिली.

अखेर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत इवलंसं कुलूप दिसलं. एम्नानं आनंदानं पान उघडलं – आणि तिचा हात तसाच थांबला. एकही फोटो नव्हता. नावं होती, तारखा होत्या. चेहऱ्यांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी.

"हे काय केलंस?" ती ओरडली. "एकदा गेलेच होते ते... आता पुन्हा?"

"एम्ना, ऐक. पुसलेले नाहीत. फोटो पहिल्यापासून एका वेगळ्या, जुन्या जागी आहेत, तिथे कुलूप नाही, म्हणून ब्राउझर त्यांना आत घेत नाहीये. एकेक करून इकडे आणतो." त्यानं खुर्ची तिच्या जवळ ओढली. "आधी कोणाचा आणू?"

रिकाम्या चौकटींवरून फिरणारं तिचं बोट एकीवर थांबलं.

"नाजीचा."

चेहरा उमटला. एम्नासारख्याच जाड भुवया, हसताना तसाच एका बाजूला कललेला ओठ. लासादनं स्क्रीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कीबोर्डवरचा हात हळूच मागे घेतला.

"तुझा भाऊ..."

"तीन वर्षं झाली. मला स्थळं येतात. सगळ्यांचं म्हणणं एकच – आता विसर, तुझा संसार बघ." तिनं डोळे पुसले. "मला नाही येत विसरता."

सगळे फोटो परत येईपर्यंत ऊन उतरलं. मासेमारीच्या होड्या धक्क्याला लागत होत्या. लासादनं लॅपटॉप मिटला, पण उठला नाही.

"काम संपलं," तो म्हणाला. "आता यायला मला काही निमित्त उरलं नाही. म्हणून विचारतो... विसर, असं मी तुला कधीच म्हणणार नाही. तू वाट बघतेस ना – मला तुझ्या शेजारी बसून वाट बघू देशील?"

बाहेर कुणीतरी दोर ओढत होतं. एम्नानं थंड झालेला ग्लास दोन्ही हातांत धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला.

"रविवारी घरी ये," ती अगदी हळू म्हणाली. "आई जेवायला कुसकुस शिजवते. पण एक सांगते... दाराजवळच्या खुर्चीवर बसू नकोस. ती नाजीची आहे. आई तिथे अजून ताट मांडते."

"मी जमिनीवर बसेन."

"नको," एम्ना म्हणाली आणि पहिल्यांदाच तिनं आपणहून त्याच्या हातावर हात ठेवला. "माझ्या शेजारी जागा आहे."