हशाची जागा

कुंदाबाईंनी तो निरोप दोनदा ऐकला. मग गॅस बंद केला, चहा तसाच टाकला आणि त्या तडक धुळ्यातल्या देवपूरच्या पोलीस ठाण्यात गेल्या.

"ऐका," म्हणत त्यांनी मोबाइल उपनिरीक्षक सितारा पिंजारींसमोर धरला.

"कुंदा, मी बरी आहे. इथली हवा छान आहे. माझी काळजी करू नकोस. डॉक्टर म्हणतात, आराम कर."

"ज्योत्स्नाताई ना? धांदलेकाकू?" सितारा हसली. "आमची अम्मी हातातलं काम टाकून बघायची यांना. बऱ्या आहेत की मग."

"आवाज तिचाच आहे. पण हे ती बोललेली नाही."

"म्हणजे?"

"आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. एकमेकींशी अहिराणी सोडून असं शहरी कधी बोललोच नाही. काल मी विचारलं, 'कशी शे व? बठ्ठं बरं शे ना?' तर त्याला हे उत्तर. फोन लावला तर उचलत नाही. निरोप मात्र मागाहून येतो."

सिताराने वही बाजूला सारली आणि टोपी उचलली.

एके काळी मंगळवारी संध्याकाळी ज्योत्स्नाच्या विनोदी मालिकेचं गाणं वाजलं, की धुळ्याच्या गल्ल्या ओस पडायच्या. गल्लीत टीव्ही एकच, कुंदाबाईंकडे. ओटीवर चपलांचा ढीग व्हायचा. पदर खोचून भांडणारी धांदलेकाकू म्हणजे आपली ज्योत्स्ना, याचा गल्लीला केवढा तोरा! पुढे वाहिन्या वाढल्या, मुंबई तिला विसरली. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर ती देवपूरला परतली आणि भाच्याकडे, तेजसकडे राहू लागली. भाऊ-भावजय गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं होतं. अलीकडे मोबाइलवरच्या रीलमुळे आणि जाहिरातींमुळे तिला पुन्हा चांगले दिवस आले होते. आणि पंधरवड्यापूर्वी ती अचानक हवापालटाला गेली म्हणे, कुंदाबाईंना न सांगता.

तेजसने दोघींना बसवलं, पाणी दिलं.

"तुमच्या आत्या कुठे आहेत?" सिताराने विचारलं.

"नाशिककडे, निसर्गोपचाराला. जागा कुणाला सांगू नको म्हणाली. लोक गर्दी करतात."

"पोलिसांनाही नाही?"

"तिला विचारून सांगतो ना, मॅडम."

"घरात आणखी कोण?"

"मी आणि बायको. ती माहेरी गेलीय, सावद्याला. सासऱ्यांच्या बागेत केळीची काढणी चाललीय."

"आत्यांचं कुणाशी वाकडं होतं?"

"योगराजशी. तो तिची रील काढायचा. मोठं भांडण झालं दोघांचं. आत्याने त्याला घराबाहेर काढलं."

कुंदाबाई घरभर बघत होत्या. मागच्या गॅलरीत दोरीवर मेणकापड वाळत होतं. काचेच्या कपाटात जुन्या टेपा ओळीने लावलेल्या होत्या.

"चित्रीकरणाच्या मूळ टेपा," तेजस कौतुकाने म्हणाला. "दिग्दर्शकांनी आत्याला दिलेल्या. बुरशी धरत होती. मी एकेक पुसून संगणकावर घेतली. दुसरी प्रत कुणाकडेच नाही."

योगराजचा स्टुडिओ आग्रा रोडवर होता. पोलीस बघून तो चपापला, पण भांडण त्याने नाकारलं नाही.

"झालं ना भांडण. ज्योत्स्नाअक्काच्या आवाजात पापडाची जाहिरात आली, आणि अक्का तर ती बोललीच नव्हती. तिला वाटलं, मीच केली."

"तुम्ही नाही केली?"

"मॅडम, आता यंत्राला कुणाचंही स्वच्छ बोलणं ऐकवलं की ते त्याच आवाजात, त्याच चालीत हवं ते बोलून देतं. पण माझ्या रीलांत अक्का नुसती अहिराणी बोलते. मी केली असती तर पापडही अहिराणीत विकले गेले असते."

"मालिका तर नेटवर आहे. तिथून आवाज घेता येईल," सितारा म्हणाली.

योगराजने एक भाग लावला.

"मी कुणाच्या भांडणात पडत नाही," धांदलेकाकू म्हणाली. लगेच हशा. "मी फक्त सुरू करून देते." पुन्हा मोठा हशा.

कुंदाबाई एकदम पुढे झाल्या. "आता माझा निरोप लाव बरं."

"कुंदा, मी बरी आहे." क्षणभर शांतता. "इथली हवा छान आहे." पुन्हा शांतता.

कुंदाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "चला तेजसकडे. उशीर नको."

तेजसने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात गाडीची किल्ली होती.

"कुठे निघालास? सावद्याला?" कुंदाबाईंनी विचारलं.

त्याने किल्ली मुठीत लपवली.

"एकदा मी मुंबईला तिचं चित्रीकरण बघायला गेले होते," त्या सांगू लागल्या. "समोर प्रेक्षक नव्हते. तरी ही प्रत्येक वाक्यानंतर थांबायची. मी म्हटलं, विसरतेस का व? तर म्हणे, ही हशाची जागा. हसू नंतर चिकटवतात. एरवी बोलताना ती श्वासालासुद्धा थांबत नाही. माझ्या निरोपात 'मी बरी आहे' म्हटल्यावर ती हशासाठी थांबलीय."

"यंत्राला मालिकेची चाल शिकवली गेली," सितारा म्हणाली.

"हो. पण नेटवरच्या भागांत त्या जागा हशाने भरलेल्या आहेत. निरोपात त्या कोऱ्या आहेत. हसू चिकटवण्याआधीचा आवाज फक्त मूळ टेपांत सापडेल, आणि त्या टेपा या कपाटात आहेत."

"म्हणजे मी आत्याचं काही बरंवाईट केलं, असं म्हणता मावशी?"

"तसं असतं तर मेणकापड धुऊन वाळत घातलं नसतंस. घरात तान्हं मूल नाही. ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाखालचं आहे. आधी ती इथे पडून होती, मग तू तिला हलवलंस. काढणीला मजूर असतात, तेजस. तुझी बायको तिथे तिचं करतेय."

तेजस कपाटातल्या टेपांकडे बघत बोलू लागला.

"जाहिरात मीच केली होती. आत्याला कळलं. मला जाब विचारता विचारताच तिचं तोंड वाकडं झालं, वाचा गेली. मालिका पुन्हा येणार होती, करार झाला होता. दवाखान्यात नेलं असतं तर गावभर झालं असतं. वाटलं, येईल आवाज हळूहळू."

"लकवा झालेल्या माणसाला पंधरवडा डॉक्टर दाखवला नाहीत?" सिताराने विचारलं.

त्याने गाडीची किल्ली तिच्यापुढे केली.

सावद्याला बागेतल्या खोलीत उकडत होतं. ज्योत्स्ना खाटेवर होती. उजवं अंग लुळं, ओठ एका बाजूला ओढलेले. डोळे मात्र लख्ख जागे.

"मी उनू व, ज्योत्स्ना," कुंदाबाई तिच्या उशाशी येऊन म्हणाल्या.

ज्योत्स्नाच्या घशातून नुसती घरघर आली. कुंदाबाईंनी तिचा चेहरा पदराने पुसला आणि तोंड फिरवून आपलाही पुसला.

सितारा खाटेजवळ वाकली. "ताई, गाडी येतेय, जळगावला नेतो तुम्हाला. पण एक विचारते. या तेजसने तुम्हाला मुद्दाम दवाखान्यापासून दूर ठेवलं. तुमची तक्रार आहे? मान हलवली तरी चालेल."

"आत्या," तेजस रडत होता, "सांग ना यांना. वेळेवर जेवण दिलं, सगळं केलं तुझं."

ज्योत्स्नाने डावा हात कष्टाने उचलला. तो गुडघ्यांवर बसून पुढे सरकला. तिने हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि केसांतून फिरवला. तेजसला हायसं वाटलेलं दिसलं.

मग हात तसाच ठेवून तिने सिताराकडे पाहिलं आणि मान हलवली. हो.