शेवटच्या बराकीतला हुकूम

गोऱ्या पलटणींसाठी वसवलेल्या त्या शहराचा इतिहास बाईंनी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर लिहायला घेतला. त्यांच्या विधवा नणंदेलाही हिंडायला भरपूर वेळ होता. मग दोघी मिळून जुन्या छावणीतली एकेक इमारत मोजू लागल्या. टेपचं एक टोक बाईंच्या हातात, दुसरं वन्संच्या, आणि वन्संचं तोंड मधल्या सगळ्या अंतरभर चालू.

त्या दुपारी शेवटची बराक तेवढी राहिली होती. ती पाडायचं ठरलं होतं, म्हणून घाई. शिवाय तिच्याशी घरचं एक जुनं दुखणं जोडलेलं होतं. वन्संचे पणजोबा तिथल्या देशी तुकडीत शिपाई होते. धान्यासाठी जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडायचा हुकूम झाला आणि ती तुकडी पळून गेली, असं तेव्हाच्या गोऱ्या साहेबाने जाहीर केलं होतं. तेव्हापासून त्यांच्या घराला ‘पळपुट्यांचं घर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. वन्संचं पहिलं ठरलेलं लग्न त्यापायीच मोडलं होतं.

मोजता मोजता बाई थबकल्या. बराक बाहेरून जेवढी लांब होती, तेवढी आतून भरत नव्हती. टोकाच्या भिंतीमागे आणखी एक खोली असायला हवी होती, पण तिला ना दार, ना खिडकी.

बाईंनी भिंतीवर टकटक केलं. आतून काहीच आलं नाही. बाहेर व्हरांड्यात मात्र बूट वाजू लागले. सावकाश, टाचा आपटत. ऊन लख्ख होतं. उघड्या दारांतून सबंध व्हरांडा दिसत होता, आणि तो रिकामा होता. बूटपॉलिशचा उग्र वास आला... पावलं दारातून आत आली आणि दोघींच्या पुढ्यात थांबली.

‘अटेन्शन.’

ओरडून नव्हे, कानाशी बोलल्यासारखं. वन्संच्या टाचा खाडकन जुळल्या. हात मांड्यांना चिकटले, हनुवटी वर गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पापणी लवत नव्हती. बाईंचेही गुडघे ताठ होऊ लागले...

तेव्हा मात्र बाईंचं डोकं सणकलं. सासऱ्यांपासून प्राचार्यांपर्यंत त्या जन्मात कुणाला बधल्या नव्हत्या, आणि या मेलेल्या साहेबाची एवढी मिजास? सगळा जीव एकवटून त्यांनी गुडघे वाकवले. हाडं कडकडली. भिंतीला पाठ घासत त्या खाली आल्या आणि जमिनीवर चक्क मांडी घालून बसल्या.

‘नाही उठत,’ त्या म्हणाल्या. ‘वन्सं, तुम्हीही बसा.’

‘वहिनी... पाय ऐकत नाहीत माझे...’

बाईंनी त्यांचा पदर धरून खसकन ओढलं. वन्सं शेजारी कोसळल्या. बूट आणखी पुढे सरकले, इतके की बाईंच्या साडीची किनार कशाखाली तरी दाबली गेली. दोघी हात घट्ट धरून बसून राहिल्या. ऊन उतरता उतरता केव्हातरी तो वास विरला.

दुसऱ्या दिवशी बाई पाडकामाच्या मुकादमाला आडव्या गेल्या. आधी ती भिंत फोडा, मग बाकीच्या विटेला हात लावा, असं त्यांनी बजावलं. मुकादम हसला. भिंत फुटल्यावर कुणीच हसलं नाही. आत सांगाडे होते. भिंतीला टेकून, ओळीने, मांडी घालून बसलेले. गणवेशाची पितळी बटणं अजून तिथेच होती. पळालं कुणीच नव्हतं, आणि त्या हुकुमाला शेवटपर्यंत उठलंही कुणी नव्हतं. वन्सं त्या ओळीपुढे बसकण मारून ढसाढसा रडल्या.

त्या शिपायांना मानाने निरोप मिळाला. घराचं ते जुनं नाव लोकांनी टाकलं. मग एका दुपारी बाई घरी मांडी घालून पुस्तकात त्यांची हकिगत लिहायला बसल्या. वन्सं शेजारी भाजी निवडत होत्या. बंद दाराबाहेर बूट वाजले, थांबले. या खेपेला शब्द मराठीत आले, अगदी आर्जवाने.

‘वहिनी, उठा ना... दार उघडा.’

आवाज वन्संचा होता. शेजारी बसलेल्या वन्संनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

बाईंनी मांडी मोडली नाही. ओठ गच्च मिटून त्या पुढचं वाक्य लिहू लागल्या.

‘आले हं,’ दाराबाहेरूनच उत्तर आलं. ते बाईंच्या आवाजात होतं.