गारेचा डोळा

हिंगोलीच्या शाळेतल्या बंडोपंत मास्तरांना शाळेच्या कपाटात ठेवायला अस्सल खनिज हवं होतं, आणि त्याखाली शोधणाऱ्याचं नाव लागणार होतं! म्हणून औंढ्याच्या डोंगरात आम्ही तिघं निघालो: मास्तर, वाटाड्या खेमा आणि मी, दगडोबा पाथरवट. वीस वर्षं दळणाची जाती घडवतोय मी. नाव माझंच लागणार, दुसऱ्या कुणाचं?

पहिल्याच चढावर मी काळ्या दगडाची कपची पुढं केली.

"हा खडक, दगडोबा. यात चार-पाच खनिजं मिसळलीत. खनिज कुणी घडवलेलं नसतं, झाडाजनावरातून आलेलं नसतं. घट्ट असतं, ठरलेल्या घटकांचं, आतून नेटकं रचलेलं."

"गारेवानी?" खेमानं विचारलं.

"बराबर!" मास्तरांनी त्याची पाठ थोपटली.

माझ्या पोटात दुखलं. अहो, गार म्हणजे दगडातली पांढरी, काचेसारखी खोड! दगडात गारेचा डोळा निघाला की जातं वाया, पिठात कचकच येते. असे दगड मी घरामागं फेकतो.

दुपारी कड्याच्या मधोमध एक पोकळी चमकली. खेमाच्या कमरेला दोर बांधला, टोक माझ्या हाती. हातोडा घेऊन तो सरसर उतरला.

"मास्तर, गार घावली, हातात हाय! कशी लकाकून राहिली!"

"शाबास खेमा!"

पुन्हा खेमाच! वाटलं, जरा घाबरू दे लेकाला. मी दोर सैल सोडला. वीतभरच.

खेमा झोकांडला. त्याचा हातोडा कपारीवर आदळला. आग्या मोहोळ उठलं!

माश्या तुटून पडल्या. डोळे सुजले. हात पेटले. पण दोर? आता मेलो तरी सुटणार नव्हता!

"गार टाक! दोन्ही हातांनी दोर धर!" मी ओरडलो.

"न्हाई टाकत!"

"टाक म्हंतो ना!"

गार दरीत गेली. मास्तरांनी आणि मी खेमाला वर ओढलं, आणि तिघं घोंगड्याखाली निपचित पडलो.

माश्या निवल्यावर खेमानं विचारलं, "दोर निसटला व्हय, दगडोबा?"

"न्हाई. म्या सोडला. जळून राहिलो होतो तुझ्यावर."

त्यानं कमरेचा दोर सोडला, गुंडाळला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उतरल्यावर दोघांना मी थेट माझ्या घरामागं नेलं. फेकलेल्या दगडांत खेमानं हात घातला आणि पहिल्याच फटक्यात तळहाताएवढी गार काढली. मास्तर हरखले!

"अरे, ही तर तुझ्याच दारची. नाव तुझं लिहू ना, दगडोबा?"

त्या नावासाठीच तर मी खेमाचा जीव टांगला होता. खेमाच्या सुजलेल्या तोंडाकडं पाहिलं.

"वीस वर्सं म्या फेकली, मास्तर. वळखली त्यानं. खेमाचं लिव्हा."

मास्तरांनी लिहिलं. मी मात्र तिकडं पाठ करून उभा राहिलो; जळणं काही एका दिवसात विझत नाही.