ब्रेक ऑइलच्या झाकणावरचा धागा

“ब्रेक ठणठणीत आहेत,” इंजिनियर सोतिरोव म्हणाला. “तुझा माणूस सरळसरळ खोटं बोलतोय.”

इन्स्पेक्टर रुम्याना केहायोवानं स्वतः गाडीत बसून पेडल दाबून पाहिलं. घट्ट. निम्म्यावर येऊन अडत होतं.

परवा हीच गाडी रोझेनचा घाट उतरताना शेवटच्या वळणावर रस्ता सोडून गेली होती. तिथल्या झऱ्यापाशी मधाच्या बरण्या मांडून बसलेला मेतोदी म्हातारा जागच्या जागी गेला. गाडी चालवत होता झाप्रियान, मेतोदीचा शेजारी, भिंतीला भिंत लागून घर. “पेडल पार तळाला गेलं,” हे एकच वाक्य तो दोन दिवस घोकत होता. गावानं त्याला केव्हाच खुनी ठरवून टाकलं होतं. उद्या सकाळी दहाला सरकारी वकील आरोप ठेवणार. ब्रेक ठणठणीत म्हटल्यावर तुरुंगाची पाच-सहा वर्षं कुठं गेली नाहीत.

“आणि हे बघ.” सोतिरोवनं कागद पुढं केला. कंपनीच्या शोरूममधली सर्व्हिसिंगची पावती, २५ मार्चची. म्हणजे अपघाताच्या पंधराच दिवस आधीची. इंजिन ऑइल बदललं, ऑइल फिल्टर बदलला, एसीचा फिल्टर बदलला, ब्रेक ऑइल बदललं. प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण. खाली सही: मेकॅनिक ब्लागोय, दुपारी तीन वाजता. बिल सातशे ऐंशी लेव्ह.

“इतकी निगा राखलेल्या गाडीचे ब्रेक कसे जातील?”

रुम्यानाचं नाक दुसरीकडंच लागलं होतं. आरशाला शोरूमचं सुगंधी कार्ड लटकत होतं, पाइनच्या वासाचं. त्या वासाखालून आणखी कसलीतरी घाण येत होती. तिनं उजव्या बाजूचा कप्पा उघडला, मागचं झाकण काढलं आणि एसीचा फिल्टर ओढला.

अक्रोडाची टरफलं, कापसाचे बोळे, लेंड्या आणि वाळून कडक झालेलं एक उंदराचं पिल्लू तिच्या मांडीवर सांडलं.

“शी! शी शी शी!” ती उडी मारून बाहेर आली. “हा बदललेला फिल्टर? याचे पैसे घेतले?”

“पंधरा दिवसांत उंदीर शिरला असेल,” सोतिरोव म्हणाला, पण त्याचाही चेहरा वाकडा झाला होता.

तिनं बॉनेट वर केलं. सगळीकडं धूळ. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाला मात्र लाल-पांढरा धागा बांधला होता. झाकणाच्या दोन्ही कानांतून ओवून डबीच्या मानेभोवती घट्ट आवळलेला, पाच गाठी, मधे एक निळा मणी.

“मार्तेनित्सा,” सोतिरोव हसला. “लोक हातात बांधतात, फार तर गाईच्या शिंगाला. या येड्यानं इंजिनात बांधलीय.”

रुम्यानाच्या मनगटावरही तसाच धागा होता. एक मार्चला सगळेच बांधतात आणि पहिला करकोचा दिसला की सोडून फुललेल्या झाडाला अडकवतात. तिला अजून करकोचा दिसायचा होता.

कोठडीत झाप्रियान भिंतीकडं तोंड करून बसला होता.

“इंजिनात धागा कुणी बांधला?” तिनं विचारलं.

तो वळला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. “आईनं, मिन्कानं. एक मार्चला म्हणाली, गाडी थांबते कशानं ते दाखव. मी थट्टेनं ती डबी दाखवली. तर बयेनं खरंच बांधला की हो! मी हसत होतो, फोटोपण काढला. फोन तुमच्याचकडं आहे.”

“आई कुठं आहे?”

“चौदा मार्चला गेली. म्हणून तर तो काढवेना मला. तिच्या हातची शेवटची गाठ.”

“सर्व्हिसिंग शोरूममध्येच का केलंस? गावात गॅरेज नाही?”

“आहे ना. पावणेदोनशेत करून देतो तो. पण शोरूमवाले म्हणाले, बाहेर हात लावला तर हमी जाईल. म्हणून चौपट पैसे मोजून गेलो, बाई. गाडीला वास येतोय म्हणून दोनदा सांगितलं. त्यांनी ते कार्ड लटकावून दिलं.” त्याचा आवाज चिरकला. “मेतोदीनं मला सायकल शिकवली होती हो.”

बाहेर आल्यावर तिनं त्याच्या जप्त फोनमधला फोटो उघडून पाहिला. मग सोतिरोवला फोन लावला. “ब्रेक ऑइलचा नमुना काढ आणि त्यात पाणी किती ते तपास. पण झाकणाला हात लावायचा नाही, चाकाजवळच्या नळीतून काढ.”

“का गं?”

“सांगितलंय तेवढं कर.”

शोरूम काचेची, झाडून-पुसून लख्ख. दारातच कॉफीचं यंत्र. फेब्रुवारीत स्वतःची गाडी इथंच देऊन रुम्याना याच सोफ्यावर बसली होती, याच यंत्राची फुकट कॉफी पीत, आणि काय छान सोय आहे म्हणून वर कौतुकही केलं होतं. आज ती यंत्राकडं न बघता पुढं गेली.

मॅनेजर कालचेव हात पसरून पुढं आला. “इन्स्पेक्टरबाई! गाडी कशी चाललीय तुमची?”

“झाप्रियानच्या गाडीबद्दल बोलू. ब्रेक ऑइल बदललं होतं?”

“कागदावर आहे ना.”

“कागद पाहिला. तुम्ही काय पाहिलंत?”

“मी?” त्यानं टाय सारखा केला. “मी स्वतः खाली होतो. ब्लागोयनं जुनं ऑइल काढून मला दाखवलं. काळंकुट्ट! म्हटलं, बघा, लोक किती हयगय करतात.”

“किती वाजता?”

“तीन. पावतीवरच आहे की.”

“नक्की?”

“या डोळ्यांनी पाहिलंय, बाई.”

तिनं ते लिहून घेतलं, त्याच्याकडून सही घेतली आणि जिना उतरून खाली कार्यशाळेत गेली. एवढ्या मोठ्या जागेत दोनच मेकॅनिक. त्यातला पन्नाशीचा, खांदे पडलेला, तो ब्लागोय. तिनं पावती पुढं धरली.

“ही सही तुमची?”

“माझीच.” त्यानं वर पाहिलंच नाही.

“काम तुम्ही केलं?”

“सही आहे ना माझी.”

“ते नाही विचारलं मी.” ती शेजारच्या टायरवर टेकली. “पंचवीस मार्चला दुपारी तीन वाजता तुमच्या घरी मासा कोण तळत होतं, ब्लागोय?”

त्याच्या हातातला पाना खाली पडला. पंचवीस मार्च म्हणजे ब्लागोवेत्स, घरोघरी मासा तळायचा सण, आणि त्यावरून नाव पडलेल्या ब्लागोयचा नावदिवस. त्या दिवशी दाराला कडी नसते. बोलावणं नसतानाही माणसं येतात आणि घरधनी घरात नसेल तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं.

“मीच तळत होतो,” तो म्हणाला. “बाराला घरी गेलो. कालचेवसाहेबांनीच सोडलं. वर एक बाटलीही दिली.”

“मग सही?”

त्यानं फडक्याला हात पुसले. “दर सोमवारी कोऱ्या पावत्यांवर सह्या करून घेतात. पन्नास-पन्नास. खुणा वर ऑफिसात भरतात. दोन माणसांत दिवसाला एकोणीस गाड्या कुठून होणार, बाई? पाच-सहा होतात. बाकीच्या... धुऊन देतात.”

“धुऊन?”

“कार्ड लटकवून.”

“आणि तुम्ही गप्प बसलात!”

“दोन मुली शिकतायत माझ्या.”

“मेतोदीलाही मुलगी होती,” रुम्याना म्हणाली. तिला त्याची कीवही येत होती आणि किळसही.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं सोतिरोव होता, आणि आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं. “साडेचार टक्के पाणी. हे ऑइल चार वर्षांचं तरी आहे. मी गाढव आहे, रुम्याना.”

तिनं दोघांनाही वर काचेच्या खोलीत बसवलं. कालचेवनं कॉफी मागवली. तिनं कप दूर सारला.

“ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं,” ती म्हणाली. “म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. नाही बदललं तर लांब उतारावर ब्रेक तापतात, ते पाणी उकळतं, नळीत वाफ होते. मग पेडल दाबा नाहीतर उशी दाबा, सारखंच. गाडी गार झाली की वाफ विरते आणि पेडल पुन्हा घट्ट. म्हणून नंतर तपासणाऱ्याला ब्रेक ठणठणीत सापडले आणि खरं बोलणारा खोटा ठरला.”

“पुरवठादारानं खराब माल दिला असेल,” कालचेव म्हणाला. “आम्ही घातलं ते नवं म्हणूनच.”

“घातलं कुठून?”

“म्हणजे?”

तिनं दोन फोटो टेबलावर ठेवले. पहिल्यात एक म्हातारी इंजिनावर वाकलेली, तोंडात धाग्याचं टोक, आणि झाकणाला पाच गाठी. “हा एक मार्चचा. दुसरा आज सकाळचा. त्याच गाठी, मण्याचा तोच टवका झाकणावरच्या त्याच अक्षरावर टेकलेला. धागा झाकणाच्या कानांतून ओवून मानेला बांधलाय. कापल्याशिवाय झाकण बोटभरही फिरत नाही.”

“मागाहून पुन्हा बांधला असेल! या खेडवळ लोकांचं काय सांगता!”

“बांधणारी चौदा मार्चला वारली, कालचेव. तुमची पावती पंचवीसची. बंद डबीतून काढलेलं काळंकुट्ट ऑइल तुम्ही या डोळ्यांनी पाहिलंत, आणि ते दाखवलं कुणी, तर त्या वेळी घरी मासे तळणाऱ्या ब्लागोयनं. त्याला बाटली देऊन घरी पाठवलंत आणि त्याच दिवशी त्याच्या नावावर पावती भरलीत. एकोणीस पावत्या भरायच्या म्हटल्यावर तारखेकडं कोण बघतो!”

कालचेव ब्लागोयकडं वळला. “तोंड उघडलंस तू?”

“आधीच उघडायला हवं होतं,” ब्लागोय म्हणाला.

कालचेवनं घाम पुसला आणि आवाज मऊ केला. “बाई, ऐका. कुणीच दरवेळी सगळं बदलत नाही. लोकांना काय हवं असतं? शिक्का आणि चकचकीत गाडी. तुमचं पुढचं सर्व्हिसिंग आमच्याकडून. आयुष्यभर.”

त्यानं रुम्यानाच्या दंडाकडं हात नेला. एक माणूस मेला, दुसरा कोठडीत कुजतोय आणि हा तिला आयुष्यभराचं सुगंधी कार्ड देऊ करतोय!

“उठा,” ती म्हणाली. “आणि तो हात लांब ठेवा. लावू नका मला.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आरोप ठेवले गेले ते कालचेववर. पाठोपाठ ब्लागोयचंही नाव लागलं. साडेदहाला झाप्रियान बाहेर आला. हसला नाही.

“धागा मिळेल?” त्यानं विचारलं.

“खटला संपल्यावर. मी स्वतः आणून देईन.”

“मग मेतोदीच्या अंगणातल्या झाडाला बांधीन.” तो पायऱ्या उतरला. “बस किती वाजता आहे?”

“चल, घाटापलीकडं सोडते तुला,” असं म्हणत तिनं आपल्या गाडीचं दार उघडलं. आरशाला पाइनच्या वासाचं कार्ड डुलत होतं. तिनं कप्प्यातून फेब्रुवारीची पावती काढली. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल. प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण. खाली सही: ब्लागोय.

तिनं कार्ड ओरबाडून गटारात फेकलं, दार लावलं आणि झाप्रियानबरोबर बसथांब्यावर जाऊन उभी राहिली.