किल्ल्याखालच्या गावाचं कार्ड

"थांबा! ते कार्ड... ते माह्या गावाचं हाय!"

अकोल्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात चारुशीलेनं वळून पाहिलं. तिच्या हातात पिवळं पडलेलं, चित्राचं जुनं पोस्टकार्ड होतं. वर पडका किल्ला, खाली मूठभर घरं. समोर एक उंच, सावळा तरुण... आपल्याच आवाजानं लाजलेला!

"खरं कावून मानू?" तिनं भुवई उडवली.

"हे चिंचेचं झाड पाहा. त्याच्या मांगचं घर आमचं. नाला ओलांडला का मध्यप्रदेश लागते."

"मंग तुमी जराक तिकडचे, जराक इकडचे?"

"नाई हो... पुरता इकडचा," तो म्हणाला आणि तिच्याकडे पाहतच राहिला.

कार्ड मात्र तिनंच विकत घेतलं. सोडते काय ती!

तो उद्धव, त्याच गावातल्या शाळेत मास्तर. ती कन्याशाळेत बाई. दर शनिवारी पुस्तकांचं निमित्त आणि किल्ल्याच्या गप्पा. चार महिने असेच गेले. डोळ्यांनी सगळं बोलून झालं, तोंडानं एक अक्षर नाही! असला कसला मास्तर?

आणि एक दिवस वडिलांनी, खुशालरावांनी, सांगून टाकलं, "येत्या रविवारी अमरावतीचे पाहुणे तुले पाहाले येऊन राहिले. पसंती आली का तिथंच लग्न पक्कं."

चारूनं त्याच कार्डामागं लिहिलं, 'रविवारी माझं लग्न ठरेल. मला तुम्हीच हवे आहात. तुमच्याही मनात असेल तर घरी येऊन बोला.' पत्ता घातला, तिकीट लावलं, टाकलं पेटीत. शहरातली पोर! खेड्यात उघड्या कार्डाचं काय होतं, हे तिला कुठं ठाऊक?

रविवारी पाहुणे बसले, पोहे फिरले. मुलाचा मामा घसा साफ करून म्हणाला, "आमाले पोरगी..." तेवढ्यात दारात गलका झाला. एक ठसठशीत बाई, मागं घामाघूम उद्धव आणि त्याच्यामागं एसटीभर माणसं!

"मी भागीरथा, याची माय," बाई म्हणाली. "कार्ड आलं तवा हा शाळेत होता. मले वाचता येत नाई. आमचा पोस्टमन जानराव समद्यायची कार्डं पारावर वाचून दाखवते, तसं हेबी दाखवलं. म्हटलं, पोट्टी एवढी धीराची अन् आपलं पोट्टं मुकं?"

"साऱ्या गावानं ऐकलं?" चारूला तोंड कुठं लपवू असं झालं.

"दोनदा," उद्धव पुटपुटला. "मांगच्यायले आयकू नाई आलं म्हणून..."

मग तो पुढं झाला. "काका, पह्यल्या दिवसापासून जीव हाय माहा तिच्यावर. बोलाची हिंमत नव्हती. आज बोलतो. मले चारुशीला पाह्यजे."

मामा ताडकन उठला. खुशालराव लालबुंद. "आता पसंती कोनाची धरू मी?"

"बाबा," चारू उभी राहिली, "समद्यायले विचारता. एकडाव मले तं विचारा!"

खुशालराव लेकीसमोर येऊन उभे राहिले.

"बरं. विचारलं. सांग."

"मले उद्धव पसंत हाय, बाबा. दुसरं कोनी नाई."

खुशालरावांनी पाहुण्यांपुढे हात जोडले. "माफ करा, पाहुणे. आमच्या पोरीनं पोरगं पसंत केलं."

त्या एसटीभर माणसांनी असा काही जल्लोष केला की गल्लीतली दारं धडाधड उघडली. आणि चारू? ती पदरात तोंड न लपवता, चांगली मान वर करून हसली.