आवाजाची पट्टी

रविवारी जेवणं आटोपली की नूबे कॉम्प्युटरवरचं विणलेलं फडकं काढून घडी घालायची, स्पीकरवरची धूळ पुसायची आणि तीनच्या आधी दहा मिनिटं बाकावर येऊन बसायची. तीनला न्यूयॉर्कहून येसेनियाचा, तिच्या एकुलत्या एका मुलीचा, फोन यायचा. बिब्लियान गावातल्या निम्म्या आया रविवारी हेच करायच्या. डोंगराच्या उतारावर तीन-तीन मजल्यांची, निळ्या काचांची घरं उभी होती. पोरांनी तिकडे राबून बांधलेली. आत राहायला कोण, तर एक म्हातारी आणि दोन कुत्री.

नूबेला मशीनचं भय नव्हतं. अकरा वर्षं तिने चर्चसमोरच्या चौकात फोनचं दुकान चालवलं होतं. आत तीन लाकडी बूथ, पुढे दोन कॉम्प्युटर आणि दारात एक लांब बाक. तिकडून फोन आला की नूबे उचलायची, बाकावरच्या बाईचं नाव पुकारायची आणि तिला बूथमध्ये धाडायची. एकाचा फोन चालू असला की बाकीच्यांनी रेडिओ, गप्पा, सगळं खाली करायचं, हा तिचा नियम. मग घरोघरी कॉम्प्युटर आले, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि दुकानाला टाळं लागलं. एक कॉम्प्युटर आणि तो बाक तिने घरी आणला. मोबाइल मात्र घेतला नाही. ज्याने माझं दुकान खाल्लं त्याला मी कानाशी धरू होय, असं ती चारचौघांत म्हणायची. शेजारच्या रोसाउराकडे होता, पण मागायचा म्हणजे नूबेचं नाक खाली होणार.

गेले तीन रविवार आवाज जात होता. येसेनियाचं ‘आई, कशी आहेस?’ स्वच्छ ऐकू यायचं. पुढचं वाक्य जरा लांबून यायचं, त्यापुढचं भिंतीपलीकडून, आणि मग काहीच नाही. पडद्याच्या कोपऱ्यातली आवाजाची पट्टी शंभरावर असायची, तरी ऐकू शून्य. चार वाजले की पुन्हा सगळं ठणठणीत.

आणि बोलायचं होतं ते आत्ताच. आईला कायमचं तिकडे न्यायचे कागद येसेनियाने केले होते. याआधी दोनदा नूबेने ‘येते’ असं लिहून कळवलं होतं आणि दोन्ही वेळा शब्द फिरवला होता. म्हणून लेकीने या वेळी आधीच बजावलं होतं, “लिहून नको, तुझ्या तोंडून ऐकू दे. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत बोलली नाहीस, तर मी वकिलाला ‘नाही’ असं कळवून टाकणार. पुन्हा या भानगडीत मी पडायची नाही.” या वेळी नूबेला खरंच जायचं होतं. धुक्याच्या दिवसांत गुडघे धरत होते, आणि सात वर्षांच्या नातीला तिने अजून हात लावला नव्हता. कोंबड्यासुद्धा तिने वाटून टाकल्या होत्या.

म्हणून शेवटच्या रविवारी तिने क्लोदोवेओला बोलावलं. रेडिओ, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, हाताला येईल ते दुरुस्त करणारा हा माणूस. गावात उरलेल्या मोजक्या पुरुषांपैकी एक.

“दोन्या नूबे, आधी कान तपासून घ्या. कॉम्प्युटरचं मग बघू,” तो म्हणाला. वयस्कर बायकांना गाव मानाने ‘दोन्या’ म्हणायचं.

“माझे कान शाबूत आहेत. तू जीभ आवर आणि हात चालव.”

त्याने वायरी काढून पुन्हा खोचल्या. स्वतःचे स्पीकर लावून पाहिले. फोनच्या प्रोग्रॅमची वेगळी पट्टी असते, ती तपासली. आवाजाचं सॉफ्टवेअर काढून नव्याने घातलं. सगळं चोख होतं. तीनला पाच कमी असताना त्याने एक गाणं लावलं, आणि दोघं काढा समोर ठेवून ऐकत बसली.

तीनच्या ठोक्याला गाणं खाली गेलं.

“हात्तिच्या!” क्लोदोवेओ हसला. “ह्यात एक सोय असते. फोन चालू झाला की हा शहाणा बाकीचे आवाज आपोआप खाली करतो. तुमच्या दुकानातल्या नियमासारखंच.”

“पण फोन आलाय कुठे?”

“तेच तर. ह्याला वाटतंय, चालू आहे.”

त्याने ती सोय बंद केली. गाणं तरी वर येईना. मग त्याने माइकचं पान उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. कोणी बोललं की वर चढणारी हिरवी पट्टी असते, ती चढत होती. थांबत होती. उत्तराची वाट पाहावी इतका वेळ थांबून पुन्हा चढत होती. खोलीत दोघांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

क्लोदोवेओने माइकची वायर उपटली आणि माइक नूबेच्या हातावर ठेवला. पट्टी चढतच राहिली.

“दोन्या नूबे,” तो हळूच म्हणाला, “इथे अजून कोणी बसतं का?”

“डोकं फिरलंय का तुझं?”

त्याने टोपी घातली. वरच्या आळीत कोणाचंसं मशीन अडलंय असं पुटपुटत तो गेला. काढा तसाच राहिला, त्याचे स्पीकरही टेबलावरच राहिले.

नूबे पट्टीकडे बघत राहिली. ती चढण्या-थांबण्याची चाल तिच्या ओळखीची होती. थोडं बोलायचं, मग गप्प व्हायचं, कोणाला त्रास नको म्हणून. त्रान्सितो असंच बोलायची.

त्रान्सितो लोकांचे कपडे धुवायची. तिचा मुलगा लाउरो चोरवाटेने उत्तरेला निघाला आणि तिने दर रविवारी दुकानातला बाक धरला. आठ वर्षांपूर्वी, तीनला दोन मिनिटं कमी असताना, फोन वाजला. “दोन्या नूबे, मी लाउरो. सीमेजवळून बोलतोय, एकच मिनिट मिळालंय. आईला द्या.” बूथ तीन असले तरी तिकडून येणाऱ्या फोनांना लाइन एकच, आणि तीनची वेळ येसेनियाची. “दारातल्या बाकावर असेल ती, बघा ना,” लाउरो म्हणाला. नूबेने बघितलं. पिशवी मांडीवर घेऊन त्रान्सितो ताठ बसली होती.

“बाक रिकामा आहे,” नूबे म्हणाली आणि फोन ठेवला.

मग येसेनियाचा आला. तिने नवा कोट घेतला होता, त्याचा रंग सांगायचा होता.

लाउरोचा फोन पुन्हा कधीच आला नाही. त्रान्सितो पुढे पाच वर्षं येत राहिली. निघताना विचारायची, “नाही ना आला?” नूबे म्हणायची, “नाही हो.” आणि तिला गरम काढा द्यायची. नूबेचं मन किती मोठं, असं गाव म्हणायचं. त्रान्सितो गेली तेव्हा सगळ्यात मोठा पुष्पहार नूबेचाच होता.

आज जरा उशिराने कॉम्प्युटरची घंटा वाजली. नूबेने घाईघाईने माइक पुन्हा खोचला.

“आई? आज शेवटचं विचारते हं—” आणि आवाज बुडाला.

“येते! मी येते गं, येसेनिया! ऐकतेस ना? येते!”

ती ओरडत होती तेव्हा हिरवी पट्टी तळाशी पडून होती. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा पट्टी चढली.

मग तिकडून फोन बंद झाला.

पंधरा मिनिटांनी रोसाउरा आली. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने शेंगांची टोपली धरलेली. “घे बाई, तुझा वैरी. लेक आहे तुझी.” आणि उंबऱ्यावर बसून ती शेंगा सोलायला लागली.

“आई, मी काही चिडले नाहीये,” येसेनिया म्हणाली. “वकिलाला कळवलं आत्ताच. आता ते काही फिरत नाही.”

“अगं, येते म्हटलं ना मी! ओरडून घसा बसला माझा!”

“तू? तू होतीस कुठे? चारही रविवारी ती दुसरीच बाई बोलते. इतकं हळू, की मला इकडे आवाज वाढवावा लागतो.”

“कोण बाई?”

“मला काय माहीत! आज तर मी हातापाया पडले. म्हटलं, मावशी, ती तिथेच बाकावर असेल, बघा ना. बराच वेळ गप्प होत्या, बघत असाव्यात. मग म्हणाल्या, बाक रिकामा आहे.”

नूबे बाकावरच बसली होती. तिने बाकाची कड घट्ट धरली.

“येसेनिया, मी इथेच आहे.”

“हॅलो? आई, तुझा आवाज खाली गेला.”

“मी इथे आहे!”

“हॅलो?”

नूबे छाती फुटेस्तोवर ओरडली.

दोन हात अंतरावर रोसाउरा शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.