न चाललेले बूट

पावती. शनिवार. वेळ : चार वाजून बावीस मिनिटं. डोंगरी बूट, दोन जोड. एक अडतीस नंबर, एक चाळीस.

*

मी कवळ्या बनवते. काही लोक नवी कवळी कपाटात जपून ठेवतात, एखाद्या समारंभाला लागेल म्हणून. वर्षभराने येतात आणि म्हणतात, बसत नाही. कवळी तशीच असते. हिरड्या बदललेल्या असतात.

*

आमच्या बर्गन शहरात बसमध्ये शेजारच्याशी कुणी बोलत नाही. डोंगरावर मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ‘हाय’ म्हणायचं. न म्हणणारा उद्धट. खाली उतरलं की पुन्हा सगळे अनोळखी.

*

नवे बूट आधी घरातच घालायचे. चावले तर परत करता यावेत, म्हणून तळ कोरा राहिला पाहिजे. आई तीन संध्याकाळी स्वयंपाकघरात चालली — शेगडी ते खिडकी, खिडकी ते शेगडी. चौथ्या दिवशी तिच्या तपासण्यांबद्दल हॉस्पिटलातून फोन आला.

*

सप्टेंबरमधला रविवार. पठारावर धुकं होतं, आणि पाऊस म्हणावा की नाही असा एक ओलावा. वाट दाखवणाऱ्या दुसऱ्या दगडी ढिगापाशी माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. दहा पावलांनी डावा. मी खाली बघितलं. दोन काळे तळ चिखलात नीट एकामागे एक पडले होते, जणू कुणीतरी पुढे चालत गेलं होतं.

“हाय,” समोरून येणारा म्हणाला. मग त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. “थांबा — हलू नका.”

“हलून जाणार कुठे?”

तो गुडघ्यावर बसला. त्याच्या पाण्याच्या बाटलीभोवती करडी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्याने तळ उचलले, बाहीला पुसले आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन पट्टी गुंडाळायला लागला. केसांतून पाणी निथळत होतं त्याच्या. मी कुठे बघावं ते मला कळेना.

“कितीदा वापरलेत?”

“आज पहिल्यांदा.”

“आणि घेतले कधी?”

“पाच वर्षं होतील.”

त्याचा हात थांबला. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

“होतील, की झाली?”

“पावती घरी आहे. का?”

“पाच वर्षांच्या आत तक्रार दिलीत तर दुकानाला दुरुस्त करून द्यावे लागतील. नाहीतर नवे. डोंगरी बूट पहिल्याच दिवशी असे सुटत नाहीत. तो तुमचा दोष नाही.”

“वकील आहात का?”

“छे.”

“मग?”

“सध्या — पट्टीवाला.”

परत निघालो. तो हळू चालत होता, मला कळू नये इतपत हळू. एका खडकाच्या आडोशाला मी थर्मास काढला, आणि सवयीने दोन पेले. दुसरा पेला हातात धरून बसून राहिले.

“कुणी येणार होतं का?” त्याने विचारलं.

“हो. पण आता नाही.”

त्याने हात पुढे केला. आईच्या पेल्यातून माझी कॉफी त्याने फार सावकाश प्यायली.

बस आली. तो पुढे बसला, मी मागे. खाली उतरलो होतो ना आम्ही.

*

मंगळवारी मी खोका घेऊन दुकानात गेले. दोन्ही जोड. पाच वर्षं पूर्ण व्हायला अकरा दिवस होते. तक्रारींचा काउंटर मागे, तंबूंच्या पलीकडे. तिथे तोच उभा होता. छातीवर नावाची पट्टी : हाल्वोर.

“सांगितलं नाहीत तुम्ही,” मी म्हणाले.

“खाली आल्यावर सांगणार होतो. तेवढ्यात बस आली.” त्याने एक फॉर्म पुढे ओढला. “मी विचारतो, तुम्ही सांगा. नाव?”

“सुनिवा.”

त्याने लिहिलं. एवढ्या तीन अक्षरी कामाला फार वेळ लावला.

वस्तू : डोंगरी बूट, दोन जोड.

दोष : तळ सुटला.

किती वापर झाला : “चाळीस नंबरचे, दोन किलोमीटर,” मी म्हणाले. “अडतीस नंबरचे स्वयंपाकघरात तीन संध्याकाळी. आईचे आहेत.”

त्याने आईचा बूट उचलून तळावर अंगठा दाबला. तळ शिळ्या केकसारखा चुरला. काळा भुगा फॉर्मवर पडला. त्याने तो फुंकला नाही, हाताने हळूच बाजूला केला.

का वापरले नाहीत : हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. तो त्याने विचारला.

मी सांगितलं. हॉस्पिटलचा फोन. मग काठी, मग चाकांची खुर्ची, मग पलंग. या एप्रिलमध्ये तेही संपलं. “बरी झाले की जाऊ म्हणायची. एकीनेच जायचं नाही, दोघींनी मिळून. तोवर बूट जपून ठेव म्हणायची. विकणाऱ्याने सांगितलं होतं तिला — जपलेत तर जन्मभर टिकतील. ते वाक्य तिला इतकं आवडलं होतं... नर्सला सांगायची, डॉक्टरला सांगायची. शेवटी मलाही नवीन असल्यासारखं सांगायची.”

हाल्वोरचं पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“हा तळ...” तो म्हणाला, “चालत राहिलं की टिकतो. पडून राहिला की हवेतली ओल आत शिरते आणि त्याचा आतल्या आत भुगा होतो. वरून दिसत नाही.”

“म्हणजे जपला म्हणून गेला?”

“हो.”

दुकानाची मालकीण वेन्के तंबूंच्या मागून आली. साठीची, आखूड केसांची, आवाज खणखणीत. तिने भुगा पाहिला आणि सगळं ओळखलं.

“मुली, वाईट वाटतं गं, खरंच. पण बूट पाच वर्षं नुसते ठेवून दिलेस. चुकीची साठवण. कंपनी हेच म्हणणार. नकार लिही, हाल्वोर.”

“ठेवायचे नसतात हे आम्हाला कुणी सांगितलं होतं?” मी विचारलं. “उलट जपायला सांगितलं होतं.”

“कुणी?”

“विकणाऱ्याने.”

“तो येऊन तसं म्हणाला तर मी आत्ता नवे देते. विकताना चुकीचं सांगितलं तर ते दुकानाच्या अंगावर येतं, एवढं मलाही कळतं. पण पाच वर्षांपूर्वी कोण काय बोललं याला कागद आहे का?”

कागद नव्हता. साक्षीला आई होती, ती आता नव्हती. मी हाल्वोरकडे पाहिलं. तो फॉर्मकडे बघत होता.

वेन्के गेली. “उत्तर पत्राने येईल,” तो म्हणाला. “नकार आला तर ग्राहक कार्यालयात जाता येतं, फुकट. आणि... इथेही परत येता येतं.”

“कितीदा?”

“कायद्यात आकडा दिलेला नाही.”

*

गुरुवारी पावतीची प्रत द्यायला गेले. ती त्याच्याकडे होतीच.

शुक्रवारी :

“आज काय दोष?”

“छत्री.”

“ही आमच्याकडची नाही.”

“माहितीये.”

“मग?”

“तू पट्टीवाला आहेस ना?”

त्याने छत्री उघडली, मोडलेली काडी शोधली. ती पट्टीने बांधली. माझी बोटं नेहमीच स्थिर असतात, कामच तसं आहे. त्या दिवशी मी ती खिशात ठेवली. तो काहीतरी बोलणार होता. दोनदा तोंड उघडलं त्याने, आणि दोनदा म्हणाला, “वारा फार आहे आज.”

*

पत्र पुढच्या बुधवारी आलं. माझ्याच फॉर्मची प्रत होती. ‘चुकीची साठवण, नकार’ असं छापलेलं, आणि ते एका रेघेने खोडलेलं. खाली हाताने :

विक्रेत्याने दिलेली माहिती : “जपलेत तर जन्मभर टिकतील.” हे चुकीचं होतं. ग्राहकाने सांगितल्याप्रमाणेच केलं, म्हणून बूट खराब झाले. तो विक्रेता मी होतो. — हाल्वोर.

मी कवळी तशीच साच्यात सोडून निघाले.

“ये, बघ ह्या शहाण्याला!” वेन्के दारातच भेटली. “दुकानाच्या कागदावर दुकानाच्या विरुद्ध लिहितो. मला न दाखवता टपालात टाकतो! सकाळपासून विचार करतेय, हाकलू का ठेवू.”

“मग?”

“नवे बूट देणं भाग आहे. ह्याला मात्र बुटांच्या विभागात तोंड उघडायची बंदी. तंबू विक म्हणावं. तंबूबद्दल काय खोटं बोलणार!” ती आत गेली, पण दार लावून घेतलं नाही.

हाल्वोर काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा होता.

“ते वाक्य तुझं होतं, हे कधी कळलं तुला?” मी विचारलं.

“तू ते वाक्य म्हणालीस तेव्हा.”

“आणि मला कधी ओळखलंस?”

“डोंगरावर. पाच वर्षं म्हणालीस तेव्हा. तुझी आई त्या दिवशी दुकानभर चालली होती, बूट घालून. हसत होती. तू मागे उभी होतीस, तिचे जुने जोडे हातात घेऊन.”

“आणि गप्प राहिलास! मंगळवारीसुद्धा? वेन्के विचारत होती, मी तुझ्याकडे बघत होते—”

“घाबरलो.”

“नोकरीला?”

“तुला. एक वाक्य मी सहज बोललो, विकायचं म्हणून. त्याच्यावर कुणी एवढी वर्षं काढली... हे कसं सांगायचं समोर उभं राहून? म्हणून लिहिलं.”

मला राग आला होता. तो खरा होता आणि मी तो गिळला नाही. “चार वर्षं ती तुझं वाक्य घेऊन झोपायची, हाल्वोर. मी तळघरात जाऊन खोक्यावरची धूळ पुसायचे. एकदा तरी बाहेर पडले असते मी! माझे तरी घातले असते!”

“हो,” तो म्हणाला. “असतेस.”

सबबी सांगितल्या नाहीत त्याने. कुणीतरी बूट घालून बघत होतं. तंबूंच्या मागून पावलांचा आवाज येत होता. मी तो संपेपर्यंत ऐकला.

“बुटांबद्दल ते चूक होतं,” मी शेवटी म्हणाले. “कागदावर लिहिलंस, बरं केलंस. पण तिच्यापुरतं परत घेऊ नकोस. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.”

त्याने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, खाली बघून फॉर्मची शेवटची ओळ पुढे केली.

ग्राहकाची मागणी : दुरुस्ती की बदलून?

“माझे बदलून दे. आईचे दुरुस्त. फक्त तळ नवा. आत तिच्या बोटांचा ठसा आहे, तिथे कुणी हात लावायचा नाही.”

“नवे दोन्ही देता येतील—”

“निवड माझी आहे ना?”

“तुझीच,” तो म्हणाला.

*

ऑक्टोबरात तो आईचे बूट घरी घेऊन आला. नवा तळ, वरचं तेच. टेबलावर ठेवले आणि आम्ही दोघं बघत बसलो.

“पडून राहिले तर पुन्हा तेच होईल,” तो म्हणाला. “चालवायला हवेत.”

“कोण चालवणार? अडतीस नंबर.”

त्याने थोडा विचार केला. मग गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात बुटांत घातले, बोटांच्या ठशापर्यंत न पोचता, मनगटावर तोलून — आणि निघाला. शेगडी ते खिडकी. लाकडी फरशीवर तोच आवाज. मी पाच वर्षांत तो ऐकला नव्हता.

खिडकी ते शेगडी.

“वेडा आहेस,” मी म्हणाले.

“दोष नोंदवायचाय?”

“हो.”

“मग मागणी सांग.” तो वर बघत होता, बूट हातांत, गुडघे फरशीवर. “दुरुस्ती — की बदलून?”

मी त्याच्यासमोर खाली बसले. त्याचे हात अडकलेले होते, म्हणून कपाळावर आलेले केस मीच बाजूला केले.

“काही नको,” मी म्हणाले. “आहे तसाच ठेवून घेते.”

*

पावतीवरची वेळ चार बावीस आहे. शनिवारी ते दुकान चार वाजता बंद होतं. त्या दिवशी आईचं चालून होईपर्यंत त्याने ते उघडं ठेवलं होतं.